आजोबांचा अंगठा आणि शेवटचं पाणी

आमचे आजोबा पाण्यासाठी एकटे गावाच्या मालकाला, मालगुजाराला भिडले, हे मी अड्याळच्या बाजारात इतक्यांदा सांगितलं होतं की तिथल्या बैलांनाही पाठ झालं असावं. सुरुवातीला आजोबांच्या हातात काठी होती. पुढे तिची कुऱ्हाड झाली, आणि समोरचे दोन लठैत वाढत वाढत चाळीस झाले.

सत्तरच्या दशकातल्या एका आश्विनात पाऊस दडी मारून बसला. माझा धान पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात. बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, अशा भेगा, की त्यात टाकलेला खडा तळाला पोचायच्या आत माझं जेवण व्हायचं! मालगुजाराचा तलाव सरकारजमा झाला होता, पण पाळ्या गावच ठरवायचं आणि म्हातारा पाणकर त्याप्रमाणे पाणी सोडायचा. माझी पाळी तिसरी. आठ दिवसांवर. मला एक दिवस निघेना.

"पहिलं पाणी आमचं हाये!" मी चावडीवर गरजलो. "आजोबानं मालगुजाराकडून लिहून घेतलेला इंग्रजाच्या काळचा कागद काढतो!"

"काहून काढून राहिला गा?" पाणकर म्हणाला. "तिसरी पाळी काय वाईट हाये तुले?"

ऐकतो कोण! चार दिवसांत भंडाऱ्याच्या कचेरीत पाच चकरा मारल्या. एक कारकून म्हणे तलाव पाटबंधाऱ्याचा, दुसरा म्हणे जिल्हा परिषदेचा. कागद मात्र कोणाचाच नव्हता, म्हणून त्याची नक्कल मिळाली. मोडीतली. मला वाचता येईना. मग मीच दवंडी पिटवून गाव जमवलं आणि म्हाताऱ्या पटवाऱ्याला वाचायला बसवलं.

पटवाऱ्याने चष्मा पुसला आणि वाचायला लागला. आजोबा दोरांच्या वाखासाठी तलावात अंबाडी भिजवत, ती सडून पिण्याचं पाणी नासे, गुरं आजारी पडत, अशी गावाची तक्रार. मालगुजाराने तोड काढली: अंबाडी पाटाच्या शेवटच्या, यांच्या शेताजवळच्या खड्ड्यात भिजवावी, आणि घाण पाणी दुसऱ्याच्या बांधीत जाऊ नये म्हणून यांच्या शेताला पाणी सगळ्यांच्या मागून. कबूल. खाली आजोबांचा अंगठा, जराही न थरथरलेला.

"कुऱ्हाड धरूनच अंगठा देल्ला काय गा?" मागून कोणीतरी ओरडलं. चावडी हसून हसून आडवी.

"आता कागदच चालन," चौथ्या पाळीवाला म्हणाला. "तूच त मांगतला."

"अबे, आमच्या घरी अंबाडीची काडी नाही! नायलॉनचे दोर आले!" मी तडकलो.

पटवाऱ्याने कागद उलटापालटा केला. "नायलॉनचं काही लिहिलं नाही बा यात."

पाणी विसाव्या दिवशी आलं. धान पोचट गेला होता. मी गुरांच्या तणसासाठी कापत होतो. पाणकर बांधावरून म्हणाला, "घे भाऊ. आली तुही पाळी." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, याचाच मला जास्त संताप आला.

पाणी घोट्याला लागलं. स्वच्छ, थंड. आणि मी, ज्याने त्यासाठी भंडारा पालथा घातला तो, पेंढ्या भिजू नयेत म्हणून डोक्यावर घेऊन संध्याकाळपर्यंत बांधावर चढवत होतो.