ओलं फडकं आणि हातभर धागा

सोमवारी सकाळी दहाला आमच्या सांगलीच्या कॉलेजात तीन प्राध्यापकांची समिती बसणार होती आणि तिच्यापुढे मला हातभर धागा ठेवायचा होता. धागा नसला तर संशोधनाची नोंदणी रद्द होणार, पाठ्यवृत्ती बंद होणार आणि तीन वर्षं मातीत जाणार. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं.

धागा कापसाचाच, पण कापूस विरघळवून त्याच्यातून नव्यानं काढलेला. कापूस सहसा कशात विरघळत नाही, हीच त्याची खोड. माझ्या मार्गदर्शक सरांना कुठल्याशा जुन्या परदेशी पेटंटची दोन पानं मिळाली होती, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात एका मिठाचा उल्लेख होता. तापवलं की ते वितळतं आणि वितळल्यावर कापूस गिळतं. अशा द्रवांना आता आयॉनिक लिक्विड असं भारदस्त नाव आहे. तेव्हा आम्ही त्याला नुसतं 'मीठ' म्हणायचो. ते बनवायला जे रसायन लागायचं त्याला सडक्या मासळीचा वास. तो माझ्या शर्टांत इतका मुरला होता की माधवनगरच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी राहायची. गर्दीतसुद्धा ऐसपैस बसून जाणारा त्या बसमधला मी एकटाच.

या मिठाचा एकच वैरी, पाणी. हवेतला दमटपणा लागला तरी ते पाघळायचं आणि मग कापसाकडे ढुंकून बघायचं नाही. सांगलीचा पावसाळा आणि माझं मीठ यांचं उभ्या जन्मात पटणारं नव्हतं. मी खिडक्यांच्या फटींत कागद कोंबले होते, कपाटात बल्ब पेटता ठेवला होता, प्रयोगशाळेत पाण्याचा तांब्यासुद्धा येऊ देत नव्हतो. शिपाई म्हणायचा, साहेबांना पिसाळलेलं कुत्रं चावलंय. शेवटच्या बाटलीतलं रसायन संपवून जेमतेम वाटीभर मीठ झालं होतं. नवी बाटली मिळणार नाही, असं सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या रविवारी मात्र नशिबानं साथ दिली. चंबूत कापूस पूर्ण विरघळला. काकवीसारखा दाट, पिवळसर रस तयार झाला. आता काचेच्या सिरिंजमधून सुईवाटे त्याची तार ओढायची, एवढंच राहिलं होतं. पण सुईतून बाहेर आली की तार हवेत गार व्हायची, मेणासारखी ताठ व्हायची आणि कडकन तुटायची. वीतभरसुद्धा टिकत नव्हती. सकाळपासून दुपारपर्यंत मी तेवढंच करत होतो. हात भाजले होते आणि डोळे चुरचुरत होते.

दुपारी आबा डबा घेऊन आले. माझे वडील. माधवनगरच्या एका कापड गिरणीच्या कताई खात्यात त्यांनी बावीस वर्षं काढली होती. गिरणी बंद पडल्यापासून ते दारात बसून असत. चंबूतला कापूस त्यांच्याच गिरणीचा होता. शेवटच्या दिवशी त्यांनी पिंजलेल्या कापसाचं एक गाठोडं घरी आणलं होतं, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. ते स्टुलावर बसून माझी तार तुटताना बघत राहिले. चार-पाचदा तुटल्यावर ते म्हणाले, "हवा लय कोरडी हाय रं हितली."

मी लक्ष दिलं नाही. सरांना फोन करायला कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो. सर घरी नव्हते. दोनदा लावून वीसेक मिनिटांत परत आलो तेव्हा प्रयोगशाळेची फरशी ओली होती. खिडक्यांवर भिजवलेली पोती टांगली होती, टेबलाशी पाण्यानं भरलेली बादली होती आणि चंबूच्या तोंडावर ओलं फडकं होतं. त्याच्या टोकातून थेंब थेंब पाणी आत पडत होतं. आत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या होत्या.

आबांच्या करण्यात काहीच वेडगळ नव्हतं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून कताई खात्यात ओलावा धरून ठेवायचा, हे त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. पोराचं सूत तुटतंय हे बघून त्यांना राहवलं नसेल. हे मला आज कळतं. त्या क्षणी मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. शेगडीपाशी गरम ठेवलेल्या सिरिंजमध्ये जो घोटभर रस उरला होता तो मी रागानं बादलीत दाबून रिकामा केला, सिरिंज भिरकावली आणि म्हणालो, "गिरण बुडवलीसा, आता मलाबी बुडवा."

गिरणी त्यांनी बुडवली नव्हती. ते मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांनी पोती उतरवली, फरशी पुसली आणि निघून गेले. डबा तसाच राहिला. गुठळ्या गाळून मीठ पुन्हा आटवून कोरडं करायला किमान आठ दिवस हवे होते. मी तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडलो.

सोमवारी समितीनं सात-आठ मिनिटांत काम उरकलं. कुणी रागावलं नाही, उलट चहा दिला आणि नोंदणी रद्द केल्याच्या कागदावर तिघांनी सह्या केल्या. मंगळवारी मी सामान आवरायला गेलो. बादली शिपायाला परत द्यायची म्हणून पाणी ओतू लागलो, तर तळाशी पांढरं काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. बोटानं उचललं. धागा होता. ओला, मऊ, अखंड. ताणला तरी तुटत नव्हता. मीठ पाण्यात निघून गेलं होतं आणि कापूस तेवढा मागं राहिला होता. मोजला तर हातभराहून चार बोटं जास्तच भरला.

म्हणजे विरघळेपर्यंत पाणी वैरी, आणि सुईतून बाहेर पडताना पाणीच हवं. त्या दोन पानांत हे नव्हतं, आणि पाण्याच्या धास्तीनं मला ते कधी सुचलं नाही. मी पळत सरांकडे गेलो. त्यांनी धागा भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे काल का नाही आणलंस?" मग म्हणाले, एका धाग्यावर काही सिद्ध होत नाही, पुन्हा करून दाखवावं लागेल. कशातून करणार होतो? बाटली रिकामी होती आणि चंबूतल्या गुठळ्या मी सकाळीच आवराआवरीत मोरीत ओतल्या होत्या. पुढं मी साताऱ्याला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि तिथंच राहिलो.

त्या मंगळवारी संध्याकाळी धागा कागदात गुंडाळून घरी नेला. आबा दारातच बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी धागा अंगठा आणि बोटात धरून फिरवला, सुताचा कस बघायचे तसा. पीळ न्हाई, पर चिवट हाय, म्हणाले. मग तो माझ्या हातात परत देत त्यांनी विचारलं, "पाण्यातच निघाला न्हवं?"

मी मान डोलावली.

"मग मी काय बुडवलं रं तुजं?"

ते आणखी अकरा वर्षं जगले. त्यांनी हे पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मला त्यांची माफी मागता आली नाही.