शिस्तीचा कप

आमच्या शाळेत पोरांची नखं तपासायचे, दात तपासायचे, डोळे तपासायचे. दरवर्षी सरकारी दवाखान्यातून माणसं यायची, व्हरांड्यात वजनकाटा मांडायची आणि पोरं रांगेत उभी राहायची. केसांतल्या उवासुद्धा शोधायचे. म्हणजे डोक्याच्या बाहेरचं सगळं बघून व्हायचं. डोक्याच्या आत काय चाललंय, हे विचारायची मात्र कुणाला गरज वाटली नाही.

विचारलं ते कनीजबाईंनी. चंद्रपूरजवळच्या मूल गावात, आमच्या शाळेत त्या हिंदी शिकवायच्या, मी इतिहास. नवरा जाहिद बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. बाई ठेंगण्या, पण शेजारची राइस मिल चालू असली तरी त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. २००३ सालच्या हिवाळ्यात त्या चंद्रपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेल्या. बाकीचे मास्तर तिथून समोसे खाऊन परत आले. बाईंनी मात्र तिथल्या एका डॉक्टरीणबाईंचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं. उदासी हाही आजार आहे, तो पोरांनाही होतो, आणि ओळखायचा तर एकेकाला बाजूला घेऊन साधं विचारावं लागतं. झोप लागते का, जेवण जातं का, खेळावंसं वाटतं का, जगणं नकोसं होतं का.

बाईंनी लगेच सुरुवात केली. मधल्या सुट्टीत, चिंचेखाली, आपल्या आठवीच्या वर्गातल्या प्रत्येकाला. कुणा एकावर शिक्का बसू नये म्हणून प्रत्येकाला. तरी गावात बोंब झालीच.

"कनीजबाई पोट्ट्यायले पागल ठरवून राह्यली!"

हेडमास्तर गुणवंतरावांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "बाई, तुम्ही हिंदी शिकवा. हे असलं विचारायचा शासनाचा आदेश आहे का तुमच्याकडे?"

आदेश! पोर रडतंय का हे बघायला या माणसाला आदेश लागत होता. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्या वर्गात चंचल होती. लटारू आणि सुगंधाबाईची पोरगी, जवळच्या खेड्यातून सायकलनं यायची. आधी ती म्हणजे नुसता उच्छाद. गुणवंतरावांच्या चालण्याची नक्कल करायची, चालू तासात शिट्टी वाजवायची. तिच्या तक्रारीशिवाय आमच्या स्टाफरूममधला चहा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. त्याआधीच्या पावसाळ्यात तिचा मोठा भाऊ प्रफुल गावच्या बोडीत बुडाला. बोडी म्हणजे धानाच्या शेतांवरचं छोटं तळं, रोवण्याच्या, धान लावायच्या दिवसांत काठोकाठ भरलेलं. त्यानंतर चंचल गप्प झाली. डबा मैत्रिणीला देऊन टाकायची. बाकावर बसली की शाळा सुटेपर्यंत हलायची नाही. आणि आमची शहाणी मंडळी काय म्हणाली? "पोरगी सुधरली!"

चिंचेखाली ती बाईंना म्हणाली, "भाऊच्या बदल्यात मीच जायले पायजे होती. मले रोज तसंच वाटते, बाई."

बाई त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. पोरीला चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ऐकूनच लटारू बिथरला. "दवाखान्यात नेलं त गावभर होईन. उद्या इच्याशी लगन कोण करन?"

"पोट्टीच नाई राह्यली त लगन कोणाचं करसान, लटारूभाऊ?" बाईंनी सरळ विचारलं.

लटारूनं त्यांना दार दाखवलं. सुगंधाबाई चुलीपाशी तोंडात पदर धरून बसली होती.

मग आलं स्नेहसंमेलन. आमच्या शाळेचा एक जुना रिवाज होता, शिस्तीचा कप. वर्षभरात ज्या पोराला एकदाही रागवावं लागलं नाही, त्याला पालकांसमोर कप द्यायचा. गुणवंतरावांनी माईकवरून नाव पुकारलं, चंचल. पावसाळ्याआधीचे सगळे गुन्हे माफ करून! ती जागची उठेना. मैत्रिणींनी ढकललं तेव्हा स्टेजवर गेली आणि कप हातात धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. मांडवात टाळ्यांचा कडकडाट. मला त्या टाळ्यांची किळस आली.

कनीजबाई उठल्या. "सर, तो कप परत घ्या. पोरगी शिस्तीत नाही, दुखण्यात आहे. पाय मोडलेलं पोर धावत नाही म्हणून त्याला कप द्याल का?"

"बसा, बाई!" गुणवंतराव माईकवरूनच ओरडले. बाईंच्या बाजूनं मी बोललो, दोघातिघांनी मला हाताला धरून खाली बसवलं. बाईंचा वर्ग दुसऱ्या दिवशी काढून घेण्यात आला.

पण त्याच सकाळी शाळेत निघालेल्या बाईंना बसस्टँडवर सुगंधाबाई पोरीचा हात धरून उभी दिसली. नवऱ्याला न सांगता. "चंद्रपूरले जाची गाडी कोणती, बाई?" एवढंच तिनं विचारलं, आणि कनीजबाई त्यांच्यासोबत गाडीत चढल्या.

उपचार कितीतरी महिने चालले. डॉक्टरीणबाई गोळ्या देत, तासभर पोरीशी बोलत. गावानं नावं ठेवायची ती ठेवलीच. लटारू बायकोशी बोलेनासा झाला, मग हळूहळू तोच पोरीला गाडीवर सोडायला येऊ लागला. दिवाळीनंतर एका दुपारी नववीच्या वर्गातून शिट्टी ऐकू आली. गुणवंतराव लालबुंद होऊन स्टाफरूममध्ये आले. "बिघडली पुन्हा! पाहा बाई, तुमच्या दवाखान्याचे प्रताप!"

कनीजबाई हसायला लागल्या आणि हसता हसता ढसाढसा रडल्या.

एवढ्यावर तरी शाळेनं काही शिकावं? छे! पुढच्या संमेलनात तोच मांडव, तोच माईक, तोच कप. या खेपेला नाव सातवीतल्या कमळाचं. कमळाचा आवाज त्या वर्षात कुणी ऐकला नव्हता. कनीजबाई पुन्हा उठल्या.

"बसा, बाई!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सुगंधाबाई उठली. मांडवभर माना वळल्या.

"बाई नाई बसत आता, सर. मीबी नाई बसत. कप मंग द्या. आधी त्या पोरीले इचारा, रातच्याला झोप येते का."