तळहाताएवढी अंगडी

तिला सगळे टाचणी मावशी म्हणत. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिचं बोलणं म्हणजे ‘हं’ नाहीतर ‘अंहं’. एका इमारतीच्या जिन्याखाली तिचं दुकान होतं. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकाला अंग चोरून उभं राहण्यापुरती जागा. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, कुणाची चेन बसवायची, असली कामं ती करायची. “सुटलेलं पोट आणि उसवलेली शिवण, दोन्ही मावशी बेमालूम झाकते,” असं शेजारचा चष्मेवाला म्हणायचा.

नवं असं ती एकच शिवायची, आणि ते एकाही गिऱ्हाइकाने कधी पाहिलं नव्हतं.

तिचं पहिलं मूल सातव्या महिन्यातच गेलं होतं. मुलगा होता. इस्पितळात त्याच्या मापाचं काहीच मिळेना. नर्सने बिचारीने दोन-तीन कपाटं उचकली आणि शेवटी जखमेवर बांधायच्या जाळीच्या कापडात त्याला गुंडाळून आईच्या हातात दिलं. मूल गेल्याच्या दुःखाबरोबर हेही मावशीला टोचत राहिलं, की लेकराला ते कापड खरखरीत लागलं असेल. देवाशी तिने अबोला धरला. तोही महिनाभरच टिकला. एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या ती म्हणाली, “बरं बाबा, मला काही रुसून बसवत नाही. यातलं माझ्याजोगतं काही काम असेल, तर दे.”

उत्तर काही आलं नाही. पण पायापाशी मऊ कापडाचे तुकडे पडले होते, त्यांच्याकडे तिची नजर गेली. त्या दिवशी तिने पहिलं अंगडं शिवलं. तळहाताएवढं, पुढून पूर्ण उघडणारं. बटणं नाहीत, बाह्यांना शिवण नाही, नुसते बंद. इवलासा हात वाकवावा लागू नये, कुणी ओढाताण करू नये म्हणून.

तेव्हापासून एकतीस वर्षं हे चालू होतं. दुपारी दुकान अर्धं बंद करून ती अंगडी शिवायची आणि शेवटचा दोरा तोडताना एकच वाक्य म्हणायची, “देवा, हे तुझं लेकरू. आता तू सांभाळ.”

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. दर महिन्याला त्याची इस्पितळाच्या लिफ्टसाठी फेरी असायची. खाकी कागदाचं पुडकं तो तिथल्या कपड्यांच्या खोलीत ठेवून यायचा. पहिल्या खेपेलाच त्याने विचारलं होतं, “कुणी दिलं म्हणून सांगू?”

“एकांनी दिलं म्हणा.”

“हे ‘एक’ कोण, असं विचारलं तर?”

“तर लिफ्ट अडकलीय म्हणा आणि सटका. अहो, जिचं मूल गेलंय तिच्या डोक्यावर आणखी आभाराचं ओझं कशाला? आणि ज्याचं काम करतेय, त्याला माझा पत्ता ठाऊक आहे.”

पुढे मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन त्याच गावात नांदायला गेली. तिलाही ही गोष्ट माहीत नव्हती. पुडक्याचं गुपित दोघांतच राहिलं.

मग मुलीला दिवस गेले. मावशीने कुणाला दाखवलं नाही, पण सातवा महिना लागला तशी तिची झोप उडाली. पँटची एक तंगडी दुसरीपेक्षा बोटभर आखूड शिवली गेली, आणि ज्या गिऱ्हाइकाची होती त्याने ती तशीच घालून तिला चालून दाखवली, तरी तिला हसू आलं नाही.

एका दुपारी जावयाचा फोन आला. “आई, तिच्या पोटात दुखतंय. आम्ही निघालोय. तुम्ही थेट इस्पितळातच या.”

मावशी मशीनवरचं काम तसंच टाकून धावली. वॉर्डासमोरच्या बाकावर जावई आणि विहीणबाई बसले होते. थोड्या वेळाने हाताला ग्रीस लागलेला नवराही आला. आतून काही कळेना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जागचा हलत नव्हता असं वाटत होतं. विहीणबाई एरवी अखंड बोलणाऱ्या, त्याही गप्प होत्या.

तेवढ्यात कपड्यांच्या खोलीतून एक नर्स घाईघाईने आली. तिच्या हातात खाकी पुडकं होतं. त्यावर मावशीच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘सगळ्यात लहान’. नर्स मुलीच्या खोलीत शिरली आणि दार लागलं.

ते पुडकं कधी बाहेर काढतात, हे मावशीइतकं कुणाला ठाऊक होतं! नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला. त्यानेही ओळखलं होतं. तिने प्रार्थना करायचा प्रयत्न केला, तर सवयीने तेच वाक्य ओठांवर आलं, आणि ते तिने अर्ध्यावरच आवरलं. “नाही, नाही,” ती पुटपुटली, “देवा, हे नको सांभाळूस. हे आमच्याकडे राहू दे. आम्ही सांभाळतो.”

किती वेळ गेला तिला कळलं नाही. दार उघडलं. नर्स बाहेर आली आणि बाकाकडे बघून चक्क हसली.

“आजी कोण यातल्या? दोघी? मग दोघींनी ऐका. मुलगी झालीय. एवढीशी आहे, पण आवाज बघा केवढा!”

आतून खरंच आवाज येत होता. मांजराच्या पिल्लासारखा, बारीक, पण भलता रागावलेला. मावशी मटकन खाली बसली. बाकावर नाही, जमिनीवरच.

“पण ते पुडकं...” नवऱ्याच्या तोंडून निघालंच.

“ते होय? आमच्याकडची झबली तिला दुपटी होतात. हे अंगडं पुढून उघडतं, नळ्यांना धक्का लागत नाही. म्हटलं, बघू या. अगदी मापात बसलं!”

दुसऱ्या दिवशी काचेतून बाळ बघायला मिळालं. पेटीत पाठीवर निजलेलं, अंगात ते पांढरं अंगडं, छातीवर बंदाची गाठ. विहीणबाईंनी काचेला नाक लावून निरखून पाहिलं. त्यांना वाचा परत आली होती.

“काय सुरेख शिवलंय हो! टाका दिसत नाही कुठे. विहीणबाई, तुम्हीही शिवता, पण रागावू नका हं, याला म्हणतात हात. असं तुम्हाला जमेल का?”

नवऱ्याला जोराचा खोकला आला. मावशीचा चेहरा तापला. एकतीस वर्षांत तिला हा मोह झाला नव्हता, तो आता झाला. तोंडात नेमकी एकही टाचणी नव्हती. जीभ अगदी दातांपर्यंत आली. मग तिने पेटीकडे पाहिलं. बाळाने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“प्रयत्न करून बघेन,” ती म्हणाली.

“करा, करा. शिकायला वयाची आडकाठी नसते,” विहीणबाई उदारपणे म्हणाल्या.

जिन्यात आल्यावर मात्र मावशी कठड्याला धरून हसत सुटली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. नवरा म्हणाला, “अगं, सांगून टाकायचंस ना! निदान त्यांना तरी!”

“आणि मग जन्मभर त्यांचे ब्लाउज शिवत बसू?” डोळे पुसत ती म्हणाली. मग म्हणाली, “खरं सांगू? सांगावंसं वाटलं हो मला. फार वाटलं. पण बाळ मिळालं. आता आणखी काय हवं?”

पुढच्या महिन्यात नर्सने मिस्त्रीला गाठून निरोप दिला. त्या ‘एकांना’ सांगा, जिवंत बाळांसाठीही अशीच पाठवा. डाव्या बाजूला वायरीपुरती फट ठेवली तर फारच बरं. मावशीने त्याच दुपारी नवा नमुना कापला. आता मशीनशेजारी दोन चळती असतात. दुसऱ्या चळतीवर काय म्हणायचं हे तिला काही दिवस सुचेना. मग ती नुसतंच म्हणू लागली, “मोठं होऊ दे.”

एकेचाळिसाव्या दिवशी नात घरी आली. तोवर तिचे गाल भरले होते आणि गळा चांगलाच मोकळा झाला होता. विहीणबाईंनी घेतलं, जावयाने घेतलं, गप्प होईना. मावशीने खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थोपटत ती खोलीभर फिरू लागली. बाळ झोपलं. मावशी खुर्चीत टेकली आणि बाळाला तसंच धरून, भर दुपारी, पंख्याखाली, मान मागे टाकून घोरू लागली. मुलगी बाळ घ्यायला पुढे आली, तर मिस्त्री म्हणाला, “राहू दे थोडा वेळ.”