साडूची एक नळी, माझ्या दोन

“ओ पाव्हणं, थांबा! एकच नळी वतायची! बंदूक फाडता काय माझी?”

सासरे बांधावरून ओरडत होते आणि मी ठासणीच्या बंदुकीच्या तोंडात दारूची दुसरी नळी रिकामी करत होतो. पहिली नियमाची, दुसरी साडूच्या नावाची.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. सासुरवाडी शिरड शहापूरची. सासऱ्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. नजर अधू झाली तशी त्यांनी रानडुकरं हुसकायची आपली बंदूक एका जावयाच्या नावावर करायचं ठरवलं. जावई दोनच: थोरला साडू आणि मी. मला जळायला लांब जावं लागू नये म्हणून देवानं घरातच केलेली ही सोय. पंगतीत सासूबाई त्याच्या वरणात तुपाचं तळं करायच्या, माझ्या वरणात डबकं. साडूची मिशी तर अशी, की हिंगोलीच्या डेपोत एसटी तिला बघून आपोआप मागं सरायची. आता बंदूकही त्याच्याच खांद्यावर गेली असती, तर त्या घरात मला धरायला केरसुणी तेवढी उरली असती.

सासऱ्यांनी तेलाचा डबा फाडून त्याचा पत्रा बाभळीला टांगला. ज्यानं त्यानं आपला बार भरायचा आणि उडवायचा. ज्याचा बार चांगला, बंदूक त्याची. माप म्हणजे बोटभर कळकाची नळी. एक नळी दारू आणि तेवढेच छर्रे, बराबर.

आधी साडू. त्यानं नळी भरली, वरची दारू बोटानं अशी सपाट केली, जणू लेकीच्या लग्नाचं सोनं तोलून राहिला. गजानं ठासली, छर्रे सोडले, वर चिंधीचा बोळा, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली आणि ठो! पत्र्यावर छर्रे कसे बसले? अनारशावर खसखस.

“व्वा, दाजी!” माझी बायको म्हणाली. माझी! सगळे छर्रे पत्र्याला लागले, ते “व्वा” तेवढं मला लागलं.

म्हणून तर दुसरी नळी. सासरे बांध उतरून येईस्तोवर मी ठासून मोकळा झालो आणि चाप ओढला. बार असा झाला, की औंढ्याच्या देवळातल्या घंटा आपोआप वाजल्या आणि शेजाऱ्याच्या म्हशीनं आठ दिवस थेट ताकच दिलं. मी बांधापलीकडं, हळदीच्या सरीत उताणा.

धूर निवळला. सगळे पत्र्यापाशी गेले. छर्रे चौफेर कडेकडेला, मधे ताटभर जागा कोरी.

“दारू ज्यादा झाली. छर्रे फाकले,” सासरे म्हणाले.

“फाकले न्हाईत, मामा! डुकराला घेरलंय मी,” सरीतूनच मी ओरडलो. “आता जाईल कुठं?”

“जाईल काहून?” साडू मिशीत हसला. “मधी बसून पान खाईल की.”

बायकोसुद्धा हसली. सासऱ्यांनी बंदूक उचलली, तिच्या लोखंडी नळीला कुठं चीर गेली का ते बोटांनी चाचपलं, फडक्यानं दस्ता पुसला आणि ती साडूच्या खांद्यावर दिली.

संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. माझा खांदा भाकरीसारखा फुगलेला.

“मोजूनमापून काय, कुणीबी मारतंय,” मी म्हणालो. “खरं सांग, आवाज कुणाचा मोठा?”

“तुमचा,” बायको म्हणाली. “बस आली. पिशवी घ्या.”