पांघरुणातला भात

कडकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. इस्पितळाच्या धुलाईघरात ती इस्त्रीवर होती, आणि तिच्या हाताखालून गेलेली चादर अशी ताठ निघायची की पलंगावरचा रोगीसुद्धा अंग चोरून झोपायचा. चादरीवरून बाईला नाव पडलं. बाईनंही ते शेवटपर्यंत चुरगळू दिलं नाही.

धुलाईघर म्हणजे इस्पितळाचं तळघर. तिथं भिंतींना घाम, छताला घाम, मग माणसांचं तर विचारूच नका. वाफेची इस्त्री म्हणजे मगरीचा जबडाच म्हणा ना. चादर पसरायची, वरचं झाकण दोन्ही हातांनी खाली ओढायचं, फुस्स करून वाफ तोंडावर घ्यायची, की पुढची चादर हजर. दिवसभर उभ्यानं हेच. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचे दंड असे भरून यायचे की दार ती कोपरानं वाजवायची.

आणि दारामागे कोण? सासरे. उभा जन्म शिलाई मशीनवर घालवलेला माणूस. आता मशीन थांबलं होतं, पण जिभेची सुई चालू होती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना ओट्याशी उभं राहवत नसे. नवरा बस चालवायचा. रस्त्यावर चौकाचौकांत हॉर्न वाजवणारा हा गडी घरात बापापुढे मात्र हॉर्न कुठं असतो तेच विसरून जायचा.

आता दमलेलं माणूस काय रांधणार? कडकबाईनं आपली युक्ती काढली होती. एका दिवशी पाव, दही आणि काकडी. दुसऱ्या दिवशी एकाच पातेल्यात बटाटे आणि अंडी एकदमच पोहायला सोडायची, वर मीठ आणि लोणी. तिसऱ्या दिवशी परत पाव.

"आज पाव, परवा पाव," सासरे म्हणायचे. "मी काय तळ्यातलं बदक आहे? संध्याकाळी गॅसवर काही रटरटायला नको? हे घर आहे की वेटिंग रूम?"

"बाबा, रटरटणारं मी दिवसभर ऐकून येते," ती म्हणायची आणि पाय पसरून बसायची.

असं चाललं होतं. मग एक गंमत झाली. एका सकाळी धुलाईघरात घाई उडाली होती, आणि कडकबाईनं आपला जेवणाचा डबा जरा बाजूला म्हणून गरम चादरींच्या चळतीत ठेवला. त्यावर आणखी चादरी पडल्या. गठ्ठा बांधला गेला, गाडीवर चढला आणि थेट वरच्या मजल्यावर गेला. जेवायच्या सुट्टीत बाई डबा शोधतेय, बाकीच्या बाया हसतायत, तेवढ्यात जिन्यावरून नर्स खाली आली. हातात डबा.

"काय हो कडकबाई, आता चादरीबरोबर जेवणही धुऊन पाठवता का?" नर्स म्हणाली. "सात नंबरच्या आजोबांना उशाखाली सापडला. म्हणतात, इस्पितळाचं जेवण आज पहिल्यांदा गरम आलं!"

सगळ्या खो खो हसल्या. कडकबाई हसली नाही. तिनं डब्याला हात लावून पाहिला. सकाळी भरलेला डबा दुपारी हाताला चटका देत होता. तिच्या डोक्यात काहीतरी फुस्स झालं.

दुसऱ्याच दिवसापासून तिनं सुरुवात केली. सकाळी तांदूळ, डाळ, बटाट्याच्या फोडी, मीठ, पाणी असं सगळं एका जाड पातेल्यात घालायचं, खळखळून उकळी काढायची आणि झाकण घट्ट लावून पातेलं जुन्या घोंगडीत गुंडाळायचं. मग खाली गादी, वर दोन जाड रजया, बाजूला उशा ठासायच्या, आणि अंथरुणाच्या लाकडी पेटीत बाळ निजवावं तसं निजवायचं. पेटी बंद. बाई कामाला. संध्याकाळी पेटी उघडली की मऊसूत भात वाफाळत वर यायचा. एक उकळी दिली की ताटं मांडा. बाई फक्त वाढायची, आणि मग पाय पसरायची.

सासऱ्यांना पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "गादीतलं खायला मी काय ढेकूण आहे?"

पण खाल्लं. दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं. मात्र लेकीला फोन करायचा तो केलाच.

लेक म्हणजे कडकबाईची थोरली नणंद. चार घरांची सूत्रं एका हातात धरणारी बाई. ती बॅग घेऊन आली ती निकाल ठरवूनच. पहिल्याच संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, "हे बघ, उद्या सगळे जेवायला बसलो की काय ते ठरवू. घरात संध्याकाळी धड ताजं शिजत असेल तर नोकरी कर. नसेल तर महिनाअखेर राजीनामा. बाबांनी म्हातारपणी थंडगार पाव चावायचा का?"

"भात असतो, ताई. गरम असतो."

"अंथरुणातला!" नणंद म्हणाली. "कुणाला सांगायचीही सोय नाही."

नवऱ्यानं बापाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग पंख्याकडे.  पण नोकरी कडकबाईची स्वतःची होती, रांगेत उभं राहून मिळवलेली. तळघरात का होईना, तिथं तिला नाव होतं. ते कुणाच्या ताटाखाली ठेवायला ती तयार नव्हती.

सकाळी तिनं पातेलं नेहमीसारखं निजवलं आणि गेली.

दुपारी नणंदेला जेवल्यावर डुलकी लागली. अंगावर घ्यायला काही हवं म्हणून तिनं पेटी उघडली, वरच्या रजया ओढल्या, घोंगडी सुटली आणि आतून पातेल्याचं झाकण लुकलुकलं. "अगं आई गं! खरकटं अंथरुणात!" तिनं पातेलं उचललं, पुरावा म्हणून ओट्यावर मांडलं, रजया गॅलरीत उन्हाला टाकल्या आणि स्वतः घोंगडी घेऊन छान झोपली.

संध्याकाळी कडकबाई कोपरानं दार वाजवून आत आली तेव्हा सगळे बसलेलेच होते. मधोमध पातेलं. नणंदेनं झाकण काढलं, एक शीत चिमटीत घेतलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना? घ्या. बाहेरून चिखल, आतून खडा. हा हिचा गरम भात!"

कडकबाईनं पातेल्याला हात लावला. गार. तिनं गॅलरीतल्या रजया पाहिल्या आणि तिला सगळं उमगलं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही भर दुपारी गाढ झोपलेल्या असताना मी पांघरूण ओढून तुम्हाला ओट्यावर नेऊन ठेवलं असतं, तर तुम्हीही अर्ध्या कच्च्याच उठला असता."

सासरे फस्सकन हसले, आणि लेकीनं पाहताच खोकल्याचं सोंग केलं.

"बोलण्यात हुशार आहेस," नणंद म्हणाली. "आता लाव गॅस आणि कर काहीतरी. सगळे खोळंबलेत."

"नाही," कडकबाई म्हणाली.



तिनं कच्चा भात बाजूला सारला. पाव आणला, दही आणलं, टोमॅटो, कांदे, सुरी, लोणी असं सगळं मधोमध ठेवलं आणि खाली बसून पाय लांब पसरले. "हे आजचं जेवण. दिवसभर हे हात वाफेत असतात. घरी आल्यावर ते परत वाफेत रांधत बसणार नाहीत. फक्त आजच नव्हे, उद्याही नाही. आणि नोकरीही सोडणार नाही. ज्याला गॅसवरचं हवं, त्यानं उठून लावावा. काडेपेटी जागेवर आहे."

"आणि माझ्या भावानं काय उपाशी राहायचं?"

"एवढी मोठी बस वळवतात ते. कांदा चिरता येणार नाही?"

सगळ्यांच्या नजरा नवऱ्याकडे. त्यानं पंख्याकडे पाहिलं. पंख्यानं काही सुचवलं नाही. मग गडी उठला, सुरी घेतली आणि कांदा चिरायला बसला. दुसऱ्याच फोडीला डोळ्यांतून धारा.

"बघ, रडवलंस त्याला!" नणंद म्हणाली.

"कांद्यानं, ताई," नवरा नाक ओढत म्हणाला. "पण ती म्हणते ते बरोबर आहे." जन्मात पहिल्यांदा घरात हॉर्न वाजला.

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाईंचा हात पुढे आला. त्यांनी पाव मोडला, त्यावर दही घेतलं, टोमॅटोची फोड ठेवली आणि सगळ्यांच्या आधी खायला लागल्या. उभ्या संसारात ही बाई सगळ्यांच्या आधी कधी जेवली नव्हती.

"अगं, तू तरी!" सासरे म्हणाले. "मला गरम लागतं हे ठाऊक आहे तुला."

"गरम हवं तर उद्या त्या रजयांसारखं उन्हात जाऊन बसा," सासूबाई म्हणाल्या. "माझे गुडघे त्या ओट्यानंच खाल्ले. तेव्हा कुणी बैठक बोलावली नव्हती. सूनबाई, ते लोणी सरकव इकडे."

म्हणतात ना, भात शिजेपर्यंत दम धरवतो, निवेपर्यंत नाही. सासऱ्यांना तेवढाही धरवला नाही. लेकीची पाठ वळल्याचं पाहून त्यांनी पाव उचलला. नणंद मात्र जेवली नाही. ताठ मानेनं बसून राहिली, आणि सकाळी बॅग उचलून निघाली. "तुमचं तुम्ही बघा," असं म्हणाली, आणि कडकबाईनं "बघतो" म्हणून दार उघडून धरलं. दोघीही कडक, कुणीच वाकलं नाही.

राजीनाम्याचा विषय मग कुणी काढला नाही. बाईनं परत उकळी काढली, पातेलं निजवलं, पेटी बंद केली. पाहते तो सासऱ्यांनी आपली खुर्ची ओढून पेटीला टेकवली होती.

"तू जा," ते म्हणाले. "आज कोण हात लावतो बघतो मी."

"तुम्हीही उघडून बघायचं नाही हं, बाबा."

"मी कशाला बघतोय!"

संध्याकाळी तिनं पेटी उघडली. भात वाफाळत होता, पण दाणा अंमळ टणक राहिलेला. पहाऱ्यावरच्या माणसानं शिजला का, शिजला का म्हणून दिवसभर झाकण उचललं होतं, हे सांगायला कुणी साक्षीदार नको होता. तिनं एक उकळी दिली आणि तसाच वाढला. पुन्हा शिजवायच्या भानगडीत पडली नाही.

सासरे चावत होते. कुडुम, कुडुम. 

"आज कोण, बाबा?" तिनं पाय पसरत विचारलं. "बदक की ढेकूण?"

सासऱ्यांनी घास एका गालात सारला.

"खार," ते म्हणाले. "वाढ अजून."