आखनमध्ये बोललेलं खोटं

मी शिजवलेला भात वसंतरावांनी कचऱ्याच्या डब्यात ओतला. वाफ येत होती अजून.

साठच्या दशकातली गोष्ट. जर्मनीत, आखनला, आम्ही चार मराठी पोरं एका घरात भाड्याने राहून इंजिनिअरिंग शिकत होतो. वसंतराव सगळ्यांत मोठे, डॉक्टरेट करणारे. भिंतीवर पाळीचा कागद होता. तिघांच्या नावापुढे स्वयंपाक, माझ्यापुढे कायम भांडी. मी नवा म्हणून असेल, असं धरून चाललो होतो. त्या रविवारी पाळीवाला तापाने पडला, म्हणून मी भात लावला.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं," वसंतराव मऊ आवाजात म्हणाले. "आम्हाला सवय नसते. तू आपली भांडी बघ."

बघितली. तेच पातेलं घासलं. बाप रेल्वेच्या गँगमध्ये खडी टाकायचा; कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. बी.ई., पहिल्या वर्गात. आणि हात राखेत.

त्याच आठवड्यात युनिव्हर्सिटीत अमेरिकन वकिलातीतले एक मोठे अधिकारी बोलायला आले. माणूस मूळचा इथलाच, ज्यू. लहानपणी शाळेत त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवायचे. मग शाळेतूनच काढलं. आईने त्याला एकट्याला अमेरिकेच्या बोटीत बसवलं. ती मागे राहिली, मारली गेली. पोराने तिकडे दिवसा गोदामात खोकी उचलली, संध्याकाळी शिकला. अमेरिकन सैन्यात दुभाष्या होऊन इथे परत आला. मग परराष्ट्र खातं. आता दोन देशांचे करार त्याच्या हातून होत होते. सगळं त्याने इंग्रजीत सांगितलं, हजेरी घेतल्यासारखं. आईपाशी आल्यावर थांबून पाणी प्यायला.

भाषणानंतर एक म्हातारे मास्तर पुढे आले. लोकांना अभिमानाने म्हणाले, "हा माझा विद्यार्थी."

तो पहिल्यांदा जर्मनमध्ये बोलला. "मग सांगा ना यांना. कुठल्या बाकावर बसवायचात मला?"

मास्तर टोपी चाचपत राहिले. तो उत्तराची वाट बघत उभा.

मग आम्हा भारतीयांची ओळख झाली. त्याने मला विचारलं, "तुमच्याकडेही माणसांना वेगळं बसवतात म्हणे. खरं का?"

वसंतराव माझ्या खांद्याशी होते. मी म्हणालो, "नाही साहेब. पूर्वी होतं. आता कायद्याने बंद आहे."

"शाब्बास," वसंतराव मराठीत पुटपुटले. "परक्या मुलुखात देशाची अब्रू राखलीस."

रडू आलं. भात दुसऱ्याने फेकला होता, हे माझ्या तोंडाने झालं होतं. ते मास्तर निदान गप्प तरी राहिले. मी बोललो होतो.

तो दाराशी कोट चढवत होता. मी गेलो. "साहेब, मी खोटं बोललो. रविवारी माझ्या हातचा भात फेकला, मी अस्पृश्य जातीतला म्हणून. फेकणारे तिथे उभे आहेत."

त्याने वसंतरावांकडे पाहिलं. मग मला विचारलं, "तुमची आई आहे?"

"आहे."

"तिला कळवा, आत्ता मला काय सांगितलंत ते."

तो गेला. आठवड्याच्या आत मला खोली सोडावी लागली. "घरातलं भांडण परक्यांपुढे नेलंस," वसंतराव म्हणाले. घरात मला भांडू कोण देणार होतं?

तेव्हापासून कुणी विचारलं, "तुम्ही कुठले?", की मी आधी जात सांगतो, मग गाव. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मी वाक्य पुरं करतो.