दुसऱ्याच्या वावरातले बांध

आमच्या वडनेरात रूपरावमामाइतकी ज्वारी कोणी पेरत नव्हतं. ऐंशी एकरांचा पसारा. त्यातले वीस एकर घरचे, बाकी साठ हिंगणघाटच्या मोतीलालशेठचे, मक्त्यानं, म्हणजे खंड भरून केलेले. मक्ताही एका सालाचा. दर पाडव्याला शेठ हो म्हणाला तरच पुढची पेरणी.

अशा वावरात शहाणा माणूस पदरचं ढेकूळही टाकत नाही. मामांनी मात्र उताराला आडवे बांध घातले, त्यांवर गवत लावलं, उन्हाळ्यात खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवल्या. गाव हसलं. त्यांच्याच घरी वाढलेला भाचा असून मीही हसलो.

"मामा, शेठच्या मातीले काऊन जपून राह्यले?"

"वाहून चाललेली माती मले पाहवत नाई. बस," ते म्हणाले.

बारा वर्षांत ते वावर रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही डोळ्यांत भरू लागलं, आणि तिथंच घात झाला. अठ्ठ्याहत्तरच्या पाडव्याला शेठनं चहा पाजून सांगितलं, वावर जास्त खंड देणाऱ्या प्रभाकररावाला दिलं. "जमीन मात्र तुम्ही चांगली केली," असंही वर म्हणाला. मामा मुकाट्यानं घरी आले. भांडणार कशाच्या जोरावर? हातात कागद नव्हता.

प्रभाकररावाकडे ट्रॅक्टर होता. तो सारखा वळवावा लागू नये म्हणून त्यानं बांध फोडले आणि उताराच्या दिशेनं उभी नांगरट केली. श्रावणाच्या झडीत काळं पाणी नांगराच्या तासातासांतून नाल्याकडे धावलं. मामा फावडं घेऊन निघाले, मी त्यांच्यामागे. प्रभाकररावाच्या गड्यानं वावराच्या कडेला, धुऱ्यावरच अडवलं.

"मामाजी, हे वावर आता तुमचं नाई."

मामा भिजत तिथंच उभे राहिले. घरी चला म्हणून मी चारदा सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

सहा-सात वर्षांत मुरूम वर आला, तेव्हा प्रभाकरराव वावर सोडून मोकळा झाला. शेठ स्वतः आमच्या ओसरीवर आला, म्हणाला, "घ्या परत, रूपराव." मक्ता अर्थातच एका सालाचा. तो गेल्यावर देवकामामी म्हणाली, "नाई म्हणून कळवा. तुमी चांगलं करान, अन् तो पुन्हा काढून घेईन."

 मामा तेव्हा पासष्टीला आले होते. सकाळी मला घेऊन वावरात गेले. फावडं मारलं तर वीतभरातच खण्णकन वाजलं.

"बारा साल लागले होते," ते म्हणाले. "आता तेवढे साल माह्यापाशी नाईत."

सुटलो, असं मला वाटलं. पण त्यांनी पिशवीतून बांध आखायची दोरी काढली, एक टोक खुंटीला बांधलं आणि उताराला आडवे चालू लागले. मला राग आला, रडूही आलं. दोरी ताणायला माणूस लागतो, म्हणून मी त्यांच्या हातातलं दुसरं टोक धरलं.